काळ्या मातीतलं चाक

पाऊस कोसळत असताना काळ्या मातीच्या पांदणीतून सायकल कशीबशी निघते. पाऊस उघडून ऊन पडलं, की तीच सायकल त्याच पांदणीत शंभर पावलांत अडते. यवतमाळ जिल्ह्यात शेतावर सायकलनं जाणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. गिअरची माउंटन बाइक घेऊन नागपूर–तुळजापूर महामार्गानं आर्णी-महागावकडे येणाऱ्या हौशी स्वाराला मात्र ते पटकन पटत नाही. चिखल म्हणजे माती आणि पाणी. पाणी जितकं जास्त तितका चिखल वाईट, असा त्याचा हिशेब असतो. सह्याद्रीतल्या मुरमाड वाटांवर तो बऱ्यापैकी खराही ठरतो. इथे तो उलटा पडतो, आणि त्या हिशेबानं निवडलेला टायरही पैसे पाण्यात घालतो.

मी पावसाळ्यात या जिल्ह्यातल्या पांदणींवर आणि टेकड्यांवर सायकल चालवतो, सायकल दुरुस्तीच्या दुकानांत तासन्‌तास बसतो, बांधावर थांबून शेतकऱ्यांशी बोलतो. टायरवर लिहायचं तर आधी मातीवर लिहावं लागेल, हे मला तिथेच कळलं. टायर बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत चिखल एकच असतो. जमिनीवर तो तालुक्यागणिक बदलतो, कधी कधी एकाच गावच्या शिवारात दोन प्रकारचा असतो.

जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा झिजला, त्याची बारीक माती सखल भागात साचत गेली आणि काळी, भारी जमीन तयार झाली. कापूस, तूर, सोयाबीन हे सगळं तिच्या जिवावर. या मातीत अतिसूक्ष्म कणांची चिकणमाती बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास भरते आणि त्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांची रचना पातळ पापुद्र्यांची. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हेच पापुद्रे एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओली काळी माती निसरडी. हेच पापुद्रे रबराला, लोखंडाला, चपलेच्या तळव्याला धरून बसतात, म्हणून ती चिकट. एकाच मातीत निसरडेपणा आणि चिकटपणा दोन्ही, आणि कोणता कधी वर येईल हे ओलाव्यावर ठरतं.

ओलाव्याच्या या पायऱ्या स्वीडनच्या अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ साली मांडल्या. रस्ता किंवा धरण बांधणारा स्थापत्य अभियंता आजही त्या मोजतो. माती कोरडी असते तोवर फुटते. ओलावा वाढला की दाबाल तो आकार घेते. आणखी वाढला की वाहू लागते. वाहणारी माती टायरवर टिकत नाही, चाक फिरलं की उडून जाते. आकार घेणारी माती टिकते, आणि तीच सायकल अडवते. काळ्या मातीत आकार घेऊ लागणं आणि वाहू लागणं या दोन सीमांमधलं अंतर फार मोठं आहे. मुरमाड जमीन ही अडेल पायरी काही तासांत ओलांडते. भारी जमीन एकदा पुरती भिजली की दोन-दोन, तीन-तीन दिवस तिथेच रेंगाळते. झड लागली असेल तर आठवडाभरही. धो धो पावसात सायकल निघते आणि उघडीप झाल्यावर अडते ती यामुळे.

अडते कशी, हे चाकाजवळ वाकून पाहण्यासारखं आहे. पहिल्या काही फेऱ्यांत टायरच्या बटणांमधल्या खाचा भरतात. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाला, मग तो पाचशेचा असो की पाच हजारांचा. त्यानंतर मातीवर माती बसायला लागते, कारण रबरापेक्षा मातीला माती जास्त घट्ट धरते. थर जाड होत जातो. पांदणीच्या कडेचं गवत, पालापाचोळा, मागच्या हंगामातलं कुटार, बारीक खडे त्यात मिसळतात. भिंत लिंपण्याआधी मातीत कुटार कालवतात ते ती सुटू नये म्हणून. इथे तेच काम चाक आपणहून करतं. मग हा थर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्याशी घासू लागतो, मागे पेडलच्या अक्षामागे चौकटीचे दोन पाइप जवळ येतात तिथे तासला जातो आणि तासलेली माती तिथेच ठासून बसते. जुन्या पद्धतीचे, रिमला धरणारे ब्रेक असले तर ब्रेकच्या रबरांपाशी आणखी एक बांध तयार होतो. शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि फरफटू लागतं. इथे बरेच जण पेडलवर उभे राहून जोर करतात. तो जोर चाकाला मिळतच नाही, तो जातो चेनमध्ये अडकलेल्या गवतावर. गिअर बदलणारा मागचा डिरेलर चाकाच्या तारांकडे ओढला जातो, त्याला चौकटीशी जोडणारा हँगर वाकतो किंवा तुटतो. हँगरचा तुकडा प्रत्येक चौकटीचा वेगळा, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो मिळण्याची आशा ठेवू नये.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एम्पोरिया गावाहून ‘अनबाउंड’ ही दोनशे मैलांची कच्च्या रस्त्यांची प्रसिद्ध शर्यत निघते. जून २०२३च्या शर्यतीत सुरुवातीच्याच टप्प्यात चिकट चिखलाचा पट्टा लागला. जगातले नावाजलेले स्वार सायकली खांद्यावर घेऊन चालत होते, आणि कित्येकांनी खिशात रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या होत्या, चाकावरची माती खरवडायला. आपल्याकडे शेतकरी तुराटीचा किंवा पऱ्हाटीचा तुकडा कॅरिअरला खोचून ठेवतो तो याच कामासाठी. सायकल कितीही महागाची असली तरी मातीपुढे हत्यार एकच.

आता टायर. दुकानात चिखलाचं नाव काढलं की रुंद टायरचा सल्ला मिळतो. रुंद म्हणजे पकड जास्त, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर थोडा आकड्यांचा उजेड टाकायला हवा. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरू. त्यातले ४८ किलो मागच्या चाकावर येतात असं मानू. टायरमध्ये ३० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. म्हणजे टायर जमिनीला सुमारे २३ चौरस सेंटिमीटर टेकेल. हवा २० पीएसआयवर आणली तर सुमारे ३४. जमिनीला किती टेकायचं हे प्रामुख्यानं हवा ठरवते. टायरची रुंदी त्या टेकण्याचा आकार बदलते: रुंद टायर आडवा पसरतो, अरुंद टायर लांबट टेकतो. वाळूवर, बर्फावर आडवं पसरणं फायद्याचं, कारण तिथे न रुतता वर राहायचं असतं. म्हणून चार इंची टायरच्या फॅट बाइक निघाल्या. काळ्या मातीत आडवं पसरलेलं चाक वाटेतली जास्त माती उचलतं आणि चौकटीतली जागा आधीच खाऊन बसलेलं असतं. २.१ इंची टायर म्हणजे ५३ मिलिमीटर, २.४ इंची म्हणजे ६१. चौकटीच्या पाइपांमधली जागा ७५ मिलिमीटर असेल तर पहिल्याला दोन्ही बाजूंना ११-११ मिलिमीटर मोकळे मिळतात, दुसऱ्याला ७-७. हे चार मिलिमीटर पांदणीत अर्ध्या किलोमीटरचा फरक पाडतात. म्हणून टायर घ्यायला जाताना मी आधी चौकटीत बोट घालून पाहायला सांगतो. टायरच्या कडेला आणि डोक्यावर करंगळी सहज फिरत नसेल तर पावसाळ्यापुरता टायर एक माप खाली आणावा.

अरुंद टायरचा दुसरा गुण पांदणीतच कळतो. पांदण वर्षानुवर्षं बैल आणि बंडीनं दाबलेली असते. मृगातल्या एखाद्या सरीनंतर तिचा वरचा दोन-तीन बोटं थर भिजतो, खालची माती टणक राहते. अरुंद टायर तो थर कापून टणक तळापर्यंत पोचतो. लाकडी चाकाच्या जुन्या बंडीला लोखंडी धाव असे, ती अशीच चिखल चिरत जाई. रबरी टायरची बंडी आली, तिनं सडकेवर जास्त ओझं वाहिलं, बैलांचे खांदे वाचवले, आणि तो फायदा मोठा आहे. पण चिखलात दोघींची चाल वेगळी, हे दोन्ही चालवलेले जुने लोक सांगतात. आश्लेषा-मघात झड लागून पांदण खोलवर भिजली, की मग तळच उरत नाही. तेव्हा अरुंदही फसतो आणि रुंदही.

खास चिखलासाठी जगात टायर बनतात. त्यांची बटणं उंच आणि विरळ असतात. कोरड्या वाटेच्या हलक्या टायरची बटणं दोन-तीन मिलिमीटर उंच आणि दाट. चिखलाच्या टायरची त्याच्या दुप्पट उंच, टोकाला निमुळती, मधे अंगठा मावेल अशी मोकळीक. उंची जमिनीत घुसायला लागते, मोकळीक माती सुटायला. जर्मनीच्या श्वाल्बेचा ‘डर्टी डॅन’ हा यातला नामांकित. तैवानच्या मॅक्सिसचा ‘शॉर्टी’ थोडा वेगळ्या विचाराचा आहे. डाउनहिल शर्यतींत मेकॅनिक मंडळी पूर्ण लांबीच्या चिखल-टायरचे खिळे कटरनं अर्ध्यावर छाटून देत, म्हणजे चिखलात घुसायचं बळ राहतं आणि मधेच खडक लागला तर खिळे वाकून चाक सटकत नाही. ती छाटणी पुढे साच्यातच उतरली. यवतमाळसाठी मला पूर्ण खिळ्यांपेक्षा ही छाटलेली जात अधिक योग्य वाटते, कारण आपल्या वाटांवर चिखलाच्या दोन पट्ट्यांमधे बेसॉल्टचे गोटे हमखास येतात.

चिखलातल्या टायरचं सर्वांत बारीक शास्त्र मात्र माउंटन बाइकवाल्यांकडे नाही. ते बेल्जियमच्या सायक्लोक्रॉसमध्ये आहे. तिथे हिवाळ्यात शेतांमधून शर्यती होतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं टायरची रुंदी ३३ मिलिमीटरवर बांधून ठेवली आहे, म्हणजे सव्वा इंचाच्या जरा पुढे. एवढ्या अरुंद टायरवर, २० पीएसआयपेक्षाही कमी हवेत, ते लोक घोटाभर चिखलातून जातात. अर्थात फेरीच्या मधे त्यांची दुसरी, धुतलेली सायकल तयार असते आणि गरज पडली की ते उतरून सायकल खांद्यावर घेऊन पळतात. चिखलात उतरणं त्यांच्या खेळाचाच भाग आहे. आपल्या स्वारांनी एवढं घेतलं तरी कितीतरी हँगर वाचतील.

पण सगळा यवतमाळ काळा नाही. टेकडीवर माती उतारानं खाली गेलेली, वर उरतो मुरूम आणि दगड. यवतमाळ शहराभोवती निळोणा, चापडोह तलावांच्या बाजूला पावसाची सर गेल्यावर थोड्याच वेळात वाट चालण्याजोगी होते. पुसद-उमरखेडकडच्या डोंगराळ भागातही तेच. इथे चिखल-टायर लावून जाणं म्हणजे अंगावर धोका घेणं. उंच, विरळ बटणं ओल्या बेसॉल्टवर वाकतात, ब्रेक लावला की चाक हळूच कडेला जातं. इथे २.२ ते २.४ इंची, मध्यम उंचीच्या दाट बटणांचा, कडेला दणकट बटणं असलेला टायर हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रबर मऊ हवं. रबराचा कठीणपणा शोअर मापात सांगतात: टिकाऊ टायरचं रबर ६० च्या आसपास, ओल्या दगडावर धरणारं ५० किंवा त्याखाली, शर्यतीचं ४२ पर्यंत. स्वस्त टायर सहसा कठीण रबराचे असतात. ते वर्षानुवर्षं झिजत नाहीत, आणि ओल्या गोट्यावर काचेसारखे सुटतात. काळ्या मातीत रबराच्या मऊपणानं फारसं काही बिघडत वा सुधारत नाही. दगडावर तोच जीव वाचवतो.

सागाच्या जंगलातली वाट हा तिसरा प्रकार. सागाचं ओलं पान रुंद असतं, त्याखाली मूळ आहे, दगड आहे की खड्डा, दिसत नाही. पूर्वेला वणी-मुकुटबनकडे बेसॉल्ट मागे पडतो, चुनखडक आणि वाळूखडक लागतात, आणि खाणींच्या रस्त्यांवर कोळशाच्या भुकटीचा काळा राडा असतो. तो मातीच्या चिखलासारखा चिकटत नाही, पण चेन आणि छर्रे खाऊन टाकतो. तिथे टायरच्या चिंतेपेक्षा परत आल्यावर चेन धुऊन तेल देण्याची शिस्त मोठी. धुताना पाण्याचा जोरकस फवारा हबवर, छर्‍यांच्या जागी मारू नये; माती बाहेर यायच्या ऐवजी आत जाते.

जंगलाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही आणि नेऊही नये. टिपेश्वरमधून २०१९ साली निघालेला एक वाघ शेतं, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरनं जगाला त्याची वाट दाखवली. पांढरकवडा, राळेगाव, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत वाघ शेतशिवारातून ये-जा करतो. पहाटे आणि दिवेलागणीला तिथल्या पांदणींवर सायकल चालवू नये. वन विभागाच्या चौकीवर आणि गावात विचारूनच निघावं.

हवेचा प्रश्न आधी आकड्यांत सांगितला, पण प्रत्यक्षात तो दगडांत आणि काट्यांत अडकतो. चिखलात हवा कमी ठेवायची हे सगळीकडचं शहाणपण. पण ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार उतरवली आणि दगडावर आदळलं, की ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. त्यामुळे ७० किलोच्या स्वारानं ट्यूबवर २८-३० च्या खाली उतरू नये. ट्यूबलेस असेल तर २० ते २४ चालतं, आणि आत लॅटेक्सचं द्रव्य टाकलेलं असल्यानं बारीक भोक आपोआप बुजतं. बाभळीच्या प्रदेशात हे वरदान वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. धुऱ्यावरच्या काटेरी फांद्या छाटल्या की काटे पांदणीत पडतात, पाऊस ते चिखलात गाडतो आणि चाकाखाली येईपर्यंत ते दिसत नाहीत. मात्र हे द्रव्य उन्हानं सुकतं. यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा. पावसाळा सुरू व्हायच्या आधी टायर उघडून पाहिला तर आत पातळ रबराची साल तेवढी उरलेली असते. मृगाआधी ते नव्यानं भरणं हे इथल्या ट्यूबलेसवाल्याचं पहिलं काम. आणि बाभळीचा जुना, वाळलेला काटा एवढा लांब असतो की द्रव्याला न जुमानता टायरची भिंतच फोडतो. म्हणून ट्यूबलेस असली तरी जवळ एक ट्यूब ठेवावीच. दर इंचाला १२० धाग्यांचा हलका, लवचिक टायर शर्यतीला छान. इथे ६० धाग्यांचा जाड टायर घ्यावा. वजन थोडं वाढेल, घरी चालत यावं लागणार नाही.

दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा असाही नियम नाही. वळवणं आणि थांबवणं पुढच्या चाकाच्या हातात, ते घसरलं तर माणूस पडतो. मागचं घसरलं तर बहुधा सावरता येतं. पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील तर तो पुढे लावावा, विरळ बटणांचा. मागे जुना, मध्यम बटणांचा चालतो. आयात टायर तीन ते सहा हजारांच्या घरात जातो, लुधियानाकडचा देशी २६ इंची बटण टायर काही शे रुपयांत मिळतो, आणि हे अंतर सगळ्यांना परवडणारं नाही. देशी १.९५ इंची बटण टायर काळ्या मातीसाठी वाईट नाही, हे मी मनापासून लिहितो. तो अरुंद आहे, त्याची बटणं बऱ्यापैकी विरळ आहेत, चिमट्यात जागा सोडतो. त्याचं कठीण रबर ओल्या दगडावर दगा देतं, म्हणून डोंगराच्या वाटेला तो नको. सखल शिवारात मात्र महागड्या २.४ इंचीपेक्षा तो पुढे जाताना दिसतो.

आणि तरीही एक दिवस येतो, जेव्हा कुठलाच टायर उपयोगाचा नसतो. त्या दिवशी शेतकरीही शेतात पाय घालत नाही. वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, आला की नाही हे तो मूठभर माती दाबून ठरवतो. गोळा होतो का पाहतो, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून देतो. पडल्यावर गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. तसाच राहिला, चपटा झाला, तर नाही. वाफसा नसताना वखर घातला तर जमीन ढेकळं धरते आणि तो हंगाम पिकाला सोसावा लागतो. सायकलवाल्याला हीच परीक्षा पुरते. गोळा फुटत नसेल तर पांदणीत शिरू नये, सडकेवरून जावं किंवा मुरमाच्या टेकडीची वाट धरावी. माती आणखी नीट ओळखायची असेल तर अंगठा आणि तर्जनीत ओल्या मातीची पट्टी दाबत पुढे सरकवावी. दोन इंच न तुटता आली तर ती भारी माती आहे आणि तिच्यात टायरची मोकळीकच कामाला येईल. अर्ध्या इंचात तुटली तर मुरमाड, तिथे दाट बटणांचा टायर चालेल. दुकानात जाण्याआधी आपल्या नेहमीच्या वाटेवर हा प्रयोग करावा.

न शिरण्याचं कारण सायकल बिघडते एवढंच नाही. पांदण ही गावाची शेतापर्यंतची नस आहे. खत, बियाणं तिच्यावरून जातं, कापूस तिच्यावरूनच घरी येतो. ओल्या पांदणीत उमटलेली चाकोरी पाणी धरते, पाणी तिला खोल करतं, आणि दसऱ्यानंतर ऊन लागलं की तीच चाकोरी कडक होऊन बैलाचा पाय मुरगळते. शेत पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारनं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, काही पांदणी मजबूत झाल्या, कितीतरी अजून मातीच्याच आहेत. त्या हौसेखातर कुणी उखडू नयेत. टेक्सासमध्ये ब्लॅकलँड प्रेअरी नावाचा पट्टा आहे, तिथली माती आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली, तिथेही कापूसच पिकत आला. डॅलसची माउंटन बाइक संघटना पाऊस पडला की आपल्या वाटा बंद असल्याचं जाहीर करते आणि सुकल्यावरच उघडते. यवतमाळच्या सायकल मंडळींनीही गावकऱ्यांना विचारून असा पायंडा पाडावा, असं मला फार वाटतं. सोपं आहे: ज्याच्या बांधावरून जायचं त्याला आधी फोन करावा, पांदण सुकली का म्हणून.

इथवर मी हौशी स्वारांसाठी लिहिलं. पण या जिल्ह्यात चिखलातल्या सायकलवर ज्यांचं खरोखर काही अवलंबून आहे ते स्वार दुसरेच आहेत. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. पैसे मुलीच्या खात्यात जमा होतात. ही रक्कम पूर्वी ३,५०० होती, २०२२ पासून ५,००० झाली. सायकल घरचे लोक दुकानात जाऊन निवडतात. शाळा जून अखेरीस सुरू होते. म्हणजे नवी सायकल, नवखी मुलगी आणि झड, तिन्ही एकदमच रस्त्यावर येतात.

दुकानात त्या वेळी रंग पाहिला जातो, पुढची टोपली पाहिली जाते. मडगार्ड चाकाला किती खेटून आहे हे कुणी पाहत नाही. पांदणीच्या पलीकडे राहणाऱ्या मुलीची सायकल अडते ती तिथेच. टायर आणि मडगार्ड यांच्यामधे एक बोटही जात नाही, पन्नास पावलांत माती ठासते, बंद चेनकव्हरमध्ये ती शिरली की निघत नाही. मग मुलगी सायकल शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवून पायी जाते, किंवा जातच नाही. सायकल मिस्त्री याचा उपाय जाणतात. पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढून टाकतात, मागचं वर उचलून बसवतात, चेनकव्हर अर्धं करतात. कपडे खराब होतात ही अडचण खरी आहे. तरी शाळेच्या नळावर पाय धुता येतात, अडलेल्या सायकलवरून शाळेत पोचता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा ही सायकल यायची आहे त्यांना माझी विनंती आहे. गिअरची सायकल घेऊ नका. लोंबणारा डिरेलर काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात जातो, आणि पाच हजारांत मिळणारा गिअर तसाही टिकत नाही. बिनगिअरची, २६ इंची, चिमटा रुंद असलेली घ्या. मडगार्ड आणि टायर यांच्यामधे दोन बोटं घालून पाहा. टायर १.७५ किंवा १.९५ इंची, बटणाचा मागा. गुळगुळीत टायर लावलेली असेल तर दुकानदाराला बदलून द्यायला लावा, फरक दीड-दोनशेचा पडेल. मुलीला बसवून तिचे पाय टेकतात का पाहा. पुढच्या ब्रेकचं रबर रिमला पुरतं लागतंय का पाहा, कारण पावसात ते अर्धंच धरतं. हवा फार टणक भरू देऊ नका. अंगठ्यानं दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. आणि दुकानातून निघतानाच मिस्त्रीला सांगून ठेवा, की आर्द्रा लागलं की मडगार्ड काढायला आणू आणि हस्त सरला की बसवायला.

मानव विकास कार्यक्रम राबवणाऱ्यांकडेही एक मागणी करावीशी वाटते. मुलींना पैसे देताना सोबत एका पानाचं पत्रक द्यावं, त्यात चिमट्याची रुंदी, मडगार्डची मोकळीक, टायरचं माप आणि बटणं एवढं छापलेलं असावं, आणि ते जिल्ह्याच्या मातीनुसार असावं. नंदुरबारच्या डोंगरातल्या मुलीला जो टायर हवा तो दारव्ह्याच्या काळ्या शिवारातल्या मुलीला नको. दुकानदार मागणीप्रमाणे माल आणतात. हजारभर पालकांनी एकाच वर्षी बटण टायर आणि रुंद चिमटा मागितला तर पुढच्या जूनमध्ये तो दुकानात लटकलेला दिसेल.